आईची ती कोरडी पत्रं



आपल्याकडे कडक सासूला किंवा शिस्तीच्या बाईंना सहज ‘हिटलर’ म्हणतात. २०११ साली झी टीव्हीवर ‘हिटलर दीदी’ ही मालिका आली, तेव्हा आपल्यापैकी अनेकींनी ती आवडीनं पाहिली. २०२३ मध्ये ‘बवाल’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात नवरा-बायकोच्या बेबनावाला चक्क आउशवित्झ छावणीची उपमा होती! या छावणीत सुमारे अकरा लाख माणसं मारली गेली, त्यांतली जवळपास दहा लाख ज्यू होती. चित्रपट ॲमेझॉन प्राइमवरून काढून टाका, अशी मागणी एका ज्यू संस्थेनं केली.

दुसऱ्याचं एवढं मोठं दुःख गोष्टीत आणायचं तरी कसं? याचं चांगलं उत्तर मला आपल्या मुंबईच्याच एका कादंबरीत सापडलं. अनिता देसाई यांची ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’. ती इंग्रजीत १९८८ साली आली. लेखिकेची आई जर्मन आणि वडील बंगाली.

ह्यूगो बाउमगार्टनर हा बर्लिनमधल्या ज्यू फर्निचर व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा. या कादंबरीत छळ छावणीच्या फाटकापासून सुरू होत नाही, तो आधी दुकानात शिरतो. हळूहळू गिऱ्हाईक तुटतं आणि धंदा दुसऱ्याच्या हाती जातो. वडील डाखाऊच्या छावणीतून खचून परततात आणि स्वतःचा जीव देतात. आपण व्यापारी घरातल्या बायका. गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं दुकान गेलं की घरात काय होतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

इतिहासही हेच सांगतो. एप्रिल १९३८ मध्ये हुकूम निघाला, की पाच हजार मार्कांवरची मालमत्ता प्रत्येक ज्यूनं सरकारात नोंदवावी. म्हणजे आधी यादी तयार झाली. नोव्हेंबरात एका रात्री त्यांची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली. वर त्यांच्यावरच शंभर कोटी मार्कांचा दंड बसवला, आणि विम्याचे पैसे सरकारनं घेतले. मी कॉमर्स शिकलेली. नुकसान ज्याचं, दंडही त्यालाच, असा जमाखर्च मी कुठल्याच वहीत पाहिला नाही.

ह्यूगो जीव वाचवून हिंदुस्थानात येतो, आई बर्लिनलाच राहते. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकार त्याला जर्मन म्हणून, शत्रुदेशाचा माणूस म्हणून, सहा वर्षं डांबून ठेवतं, आणि तेही नाझी जर्मनांबरोबर. ही काही नुसती कल्पना नाही. १९३९ मध्ये आपल्या अहमदनगरलाही जर्मनांसाठी अशी छावणी होती, आणि हिटलरपासून पळून आलेले काही ज्यूही सुरुवातीला असेच अडकले.

या कादंबरीत सगळ्यात जास्त बोलतात ती आईची कार्डं. चार ओळींची, क्रमांकाचा शिक्का मारलेली. मी बरी आहे, तू बरा आहेस ना, काळजी करू नकोस, एवढंच. एके दिवशी ती कार्डं यायची थांबतात. आई कुठे गेली, तिचं काय झालं, हे लेखिका रंगवून सांगत नाही. सांगायची गरजच उरत नाही. देसाईंना ही कल्पना खऱ्या पत्रांवरून सुचली होती. मुंबईत वारलेल्या एका वृद्धाची जर्मन पत्रं त्यांच्याकडे वाचायला आली होती. मजकूर अगदी साधा, पण त्यांवर क्रमांक छापलेले. ती छावणीतून आलेली होती, हे त्यांना नंतर उमगलं.

लेकरानं काळजी करू नये म्हणून ‘सगळं ठीक आहे’ असं लिहिणं आपल्याला नवीन नाही. आपणही फोनवर तेच म्हणतो. म्हणूनच या आईला साठ लाखांच्या आकड्यात हरवू देणं जमत नाही.

मुनींच्या आचारात भाषा समिती सांगितली आहे. बोलण्यातून कुणाला दुखापत होऊ नये, एवढा तिचा अर्थ आपण घरात तरी पाळू शकतो. सासू कडक असेल तर तिला कडक म्हणावं. हिटलर हे नाव त्या आईच्या कार्डांशी जोडलेलं आहे.

मुली-सुना इंग्रजी वाचत असतील तर ही कादंबरी त्यांना जरूर सुचवा. त्यांनी वाचली की तुम्हाला सांगायला लावा.