क्रोन रोग : औषधबदलाचा इतिहास

क्रोन रोग हा पचनमार्गाचा, विशेषतः शेषांत्राचा (लहान आतड्याच्या अखेरच्या भागाचा), चिरकारी शोथ (दीर्घकालीन दाहयुक्त सूज) होय. न्यूयॉर्क येथील बी. बी. क्रोन, एल. गिन्झबर्ग व जी. डी. ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन करून तो आतड्याच्या क्षयाहून निराळा असल्याचे दाखविले.

मुंबईच्या उपनगरांत मात्र हा भेद करणे अद्याप कठीण जाते. गोवंडी, मानखुर्द यांसारख्या दाट वस्त्यांत क्षयाचे प्रमाण मोठे असून पोटदुखी, ताप, वजन घटणे व आतड्यातील व्रण दोन्ही रोगांत आढळतात. निदान संदिग्ध असल्यास प्रथम क्षयरोधी औषधे देतात आणि दोन-तीन महिन्यांनी व्रण भरू लागले की नाही, हे अंतर्दर्शकाने पाहतात. ते न भरल्यास रोग मुळात क्रोनचा असतो किंवा क्षयजंतू औषधांना दाद देत नसतात. औषधरोधी क्षय मुंबईत बराच असल्याने ही दुसरी शक्यता दुर्लक्षिता येत नाही.

क्रोन रोगात कॉर्टिकोस्टेरॉइडे थांबविताच रोग उलटल्यास ॲझाथायोप्रीन देतात. तेही अपुरे पडल्यास इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैव औषधे वापरतात. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तथापि त्यामुळे सुप्त क्षय उफाळू शकतो, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणून असे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र व सुप्त क्षयाची चाचणी आवश्यक मानतात. निदान चुकलेले असल्यास औषधबदलाने मूळ क्षयच बळावून रुग्णाच्या जिवाला धोका उत्पन्न होतो.