माडबन परिसरातला शाळा-बहिष्कार, जानेवारी २०११
थ्रेड 🧵

१/ ऑगस्ट २०१८ मध्ये पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळा सोडून स्वीडनच्या संसदेसमोर बसली आणि ‘शाळेचा संप’ हा शब्द जगभर पोहोचला. त्याच्या साडेसात वर्षे आधी रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात मुलांनी शाळेकडे पाठ फिरवली होती. ती घटना मात्र आपल्या स्मरणातून जवळपास पुसली गेली आहे.

२/ पार्श्वभूमी जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे येथील सुमारे ९३८ हेक्टर जमीन त्यासाठी संपादित झाली. सरकारी लेखी सडा म्हणजे पडीक जमीन. गावाच्या लेखी तेच गुरांचे चरण. साखरी नाटे येथील मच्छीमारांना भीती होती ती समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची. अनेकांनी मोबदल्याचे धनादेश नाकारले. तरीही नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस पर्यावरण मंजुरी मिळाली आणि ६ डिसेंबरला फ्रेंच कंपनीशी करारही झाला.

३/ अशा वेळी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अणुऊर्जेचे महत्त्व समजावून सांगावे, अशी सूचना प्रशासनाकडून आली. विरोध आता थेट वर्गात शिरला. परिसरातील अनेक शाळांतील मुले काही दिवस वर्गात गेलीच नाहीत.

४/ येथे सावध राहायला हवे. मुले स्वतःहून थांबली, की पालकांनी थांबवली? बहुधा दोन्ही. शिवाय याला आजच्या अर्थाने ‘हवामान आंदोलन’ म्हणणे कालविपर्यास ठरेल; उलट कमी कार्बनची वीज हाच प्रकल्पसमर्थकांचा एक मोठा युक्तिवाद होता. अणुऊर्जा हवी की नको, हा वाद प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी करता येतो. परंतु मुलांना काय वाटते हे विचारण्याऐवजी त्यांना काय वाटावे हे कळवणे, ही निराळी गोष्ट आहे.

५/ २६ फेब्रुवारीला मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण माडबनला आले. ग्रामस्थांनी विरोध तोंडावर सांगितला. सरकारची भूमिका बदलली नाही. ११ मार्चला फुकुशिमा घडले, तरीही नाही. १८ एप्रिलला नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. त्या वर्षाचा इतिहास साहजिकच या गोळीबाराभोवती लिहिला गेला, आणि जानेवारीतले रिकामे वर्ग तळटीपेतही उरले नाहीत.

६/ अणुभट्ट्यांचे बांधकाम अद्याप सुरू झालेले नाही. तेव्हा दहावीत असलेली मुले आता तिशीच्या आसपास असतील. बातम्यांत ती भेटतात ती गैरहजेरीच्या रूपाने. त्यांचे स्वतःचे शब्द मला फारसे सापडले नाहीत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असल्यास, त्या दिवसांत घरी काय बोलले जात होते आणि शाळेत परतल्यावर काय झाले, हे कृपया खाली लिहावे.