कित्ता, सदरहू आणि सिसलॉग

शनिवार सकाळ, बोरिवली. बाहेर पाऊस, हातात चहा. म्हटलं, आज स्वतःची एक चूक कबूल करावी.

काही वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका ऑफिसात होतो. आमचा सर्व्हर 'डेटाबेसशी संपर्क तुटला' हे एकच वाक्य लॉगमध्ये रात्रभर लिहीत बसायचा. फाईल फुगून डिस्क भरायची. मी शहाणपणा केला. मागच्यासारखाच मेसेज आला की सरळ फेकून द्यायचा. लॉग एकदम स्वच्छ! पुढच्या वेळी सर्व्हर पडला तेव्हा ती ओळ लॉगमध्ये एकदाच होती. संपर्क एकदा तुटला की हजारदा, दोन मिनिटं की चार तास, काही कळेना. जाब द्यायची वेळ आली आणि पुरावा मीच पुसलेला.

गंमत म्हणजे हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जुना. मोडी दप्तरांत कारकून तेच साल, तेच नाव पुन्हा पुन्हा लिहीत नसत. 'साल मजकूर', 'सदरहू' म्हटलं की झालं. वरचाच तपशील असेल तर 'कित्ता'. (गिरवायचा कित्ता वेगळा बरं का!) शब्द वाचवायचे, पण नोंद गाळायची नाही.

१९८०च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेलसाठी सिसलॉग लिहिला. त्यातून वाढलेल्या बीएसडीच्या सिसलॉगनेही हेच केलं. तोच मेसेज पुन्हा आला तर लिहायचा नाही, मोजायचा, आणि मग 'मागचा मेसेज ४७ वेळा आला' अशी एक ओळ टाकायची. फ्रीबीएसडीत हा हिशोब आधी ३० सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, मग १० मिनिटांनी लिहिला जाई. म्हणजे इंग्रजीतला कित्ताच, वर आकड्यासकट!

त्यातही एक खोच आहे. दोन मेसेज आलटून पालटून आले की 'मागच्यासारखाच' ही तुलना फसते. लिनक्स कर्नलने दुसरी वाट धरली. एका ठिकाणाहून ५ सेकंदांत साधारण १० मेसेज, त्यापुढचे दाबायचे. पण किती दाबले तो आकडा तिथेही सांगतात.

मीही शेवटी तेच केलं. मेसेज एकदाच, सोबत किती वेळा आला ते, आणि पहिली व शेवटची वेळ. तीन जादा रकाने, बस्स. कारकुनाला जे ठाऊक होतं ते मला एका जागरणानंतर कळलं.

असो. चहा गार झाला.