घाटघर : रस्त्याचा शेवट कीं घाटाचें तोंड ?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत शेंडी गांवाहून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कांठाकांठानें जो रस्ता पश्चिमेस जातो, तो सुमारें वीस-बावीस किलोमीटरांवर घाटघरास पोंचून कड्यापुढें थांबतो. साम्रद-रतनवाडीचा फाटा पुन्हा जलाशयाकडेच वळतो. कड्याखालीं ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुका. फलकावर गांवाचें नांव व अंतर वाचून वाटसरू समजतो कीं, जिल्हा येथें सरला आणि रस्ताहि सरला. आमच्या मतें ही समजूत अर्वाचीन आहे. तिला बाध आणणारा पुरावा त्याच फलकावर, गांवाच्या नांवांतच, आहे.

संस्कृत 'घट्ट' यापासून 'घाट' आणि 'गृह' यापासून प्राकृताच्या द्वारें 'घर', येथपर्यंत वाद नाहीं. परंतु 'घाटघर' म्हणजे घाटाजवळचें एखादें घर, असा सोपा अर्थ कोणी करूं लागल्यास त्यास जुन्नराकडे बोट दाखवावें लागेल. नाणेघाटाच्या माथ्यावरील गांवाचेंहि नांव घाटघरच आहे. तो घाट सातवाहनकालीं वाहता होता, हें तेथील लेण्यांतल्या ब्राह्मी लेखावरून संशोधकांस विदित आहेच. तेथील दगडी रांजण जकातीचा, असें परंपरा सांगते. एका नांवाचीं दोन गांवें, आणि दोन्हीं कोंकणांत उतरणाऱ्या वाटेच्या माथ्यावर ! हा निव्वळ योगायोग म्हणणें आम्हांस जड जातें. घाट चढून आलेला माल तपासण्याची चौकी, किंवा दमलेल्या बैलांस व हमालांस विसाव्याचें ठाणें, असा येथें 'घर' शब्दाचा अर्थ असावा, असा आमचा तर्क आहे. कागद सांपडेपर्यंत त्यास सिद्धांत म्हणूं नये.

चोंढे गांवाकडे उतरणारी पाऊलवाट अद्याप आहे. तिचें महत्त्व मात्र गेलें. उत्तरेस थळघाटांतून १८६५ सालीं आगगाडी इगतपुरीस चढली, तेव्हां लहान घाटांस कोण पुसणार ? पुढें १९१० त आरंभलेलें भंडारदऱ्याचें धरण १९२६ त पुरें झालें आणि प्रवरेच्या खोऱ्याचा तळ पाण्याखालीं गेला. आजचा रस्ता इतके वळसे घेतो तो यामुळें. अलीकडे घाटघर येथें वरच्या जलाशयाचें पाणी कड्याखालच्या जलाशयांत सोडून २५० मेगावॉट वीज काढतात, आणि मागणी उतरली कीं तेंच पाणी परत वर चढवितात. ज्या कड्यावरून बैल चढत-उतरत असतील, तेथें आतां पाणी चढतें-उतरतें.

फलकांविषयीं थोडें. सन २०२४ मध्यें जिल्ह्याचें नांव बदललें, तेव्हां पाट्या नव्यानें रंगविणें ओघानेंच आलें. त्याबद्दल आमचें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु रस्ता रुंद करतांना जुने मैलाचे दगड उपटून गटारांत किंवा भरावांत घातले जातात, तें पाहवत नाहीं. १९५६ च्या कायद्यानें दशमान परिमाणें येण्यापूर्वींचा, मैल कोरलेला दगड हा शिलालेखच होय. ताम्रपटासाठीं कोसच्या कोस चालणारे आमचे संग्राहक मित्र या दगडाजवळून मात्र मोटारीनें निघून जातात ! जे उरले असतील त्यांचे ठसे घ्यावे व जागा टिपून ठेवाव्या.

तसेंच ज्यांच्या संग्रहीं राजूर-अकोल्याकडील मोडी रुमाल असतील, त्यांनीं जकातीच्या व चौक्यांच्या कागदांत 'घाटघर' हें नांव पाहावें. शेजारीं कोसांचा आंकडा असल्यास तोहि उतरून धाडावा. तो कोंकणांतून वर मोजला आहे कीं देशावरून खालीं, एवढें कळलें तरी पुष्कळ होईल.