पन्नीचे वय

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतात प्लास्टिकच्या फिल्मला फिल्म म्हणणारे थोडे. शेततळ्याचा कागद, मल्चिंग पेपर, पॉलिहाऊसचा कागद ही तिची रूढ नावे; फार पातळ असली की ती पन्नी. नाव काहीही असो, दुकानात चौकशी एकाच आकड्याची होते: किती मायक्रॉनचा? सरकारची मोजपट्टीही हीच. कॅरीबॅगसाठी केंद्राने १९९९ साली २० मायक्रॉनची अट घातली, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२०. मुंबईतल्या २६ जुलै २००५ च्या पुरानंतर महाराष्ट्राने २००६ सालीच ५० चा आकडा धरला होता. शेततळ्याच्या अस्तराला अनुदान हवे तर ५०० मायक्रॉन. जाडीचा हा आकडा खोटा नाही, पण तो कागदाची ताकद सांगतो, वय सांगत नाही. कागद किती उन्हाळे काढील हे प्लास्टिकच्या दाण्यात वितळवलेल्या चिमूटभर रसायनांवर ठरते. त्यातले पहिले अँटिऑक्सिडंट, म्हणजे प्राणवायूने होणारी झीज रोखणारे द्रव्य, आणि पारदर्शक कागदात त्याची निवड सर्वांत अवघड.

दिसते ते मोजायचे आणि आत काय आहे ते विकणाऱ्याच्या शब्दावर सोडायचे, ही खोड इथल्या बाजारात प्लास्टिकहून जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडाच्या कापसाला भाव आला. खामगावच्या पेठेसाठी जलंबहून रेल्वेचा खास फाटा टाकला गेला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते तो सुरू झाला. गाठीचे वजन काट्यावर दिसे. आत माती किती, सरकी किती, आखूड धाग्याची भेसळ किती, ते गाठ फोडल्याशिवाय कळत नसे. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदाच करावा लागला. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते, पण त्याचा माल निघे तो मुंबईच्या बंदरातूनच. तरी रुईला पारखी होता. चिमटीत धागा ओढून तो बरेच काही सांगू शके. पन्नी चोळून पाहणाऱ्याची बोटे फार तर जाडी सांगतात.

पॉलिथिन हाती लागले ते २७ मार्च १९३३ ला, इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे, आयसीआय कंपनीच्या गिब्सन आणि फॉसेट यांच्या दाबाच्या प्रयोगात. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलींत गेले. हवा आणि उष्णता मिळाली की त्याच्या लांब साखळ्या प्राणवायूशी संयोग पावून तुटतात. ही क्रिया एकदा सुरू झाली की स्वतःलाच वाढवत नेते. तिचा आराखडा १९४६ साली बोलंड आणि जी यांनी मांडला, तोही मुळात रबराच्या अभ्यासातून. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात एमर्ट यांनी काचेऐवजी सेल्युलोजची फिल्म लावून हरितगृह उभारले, पुढे तिच्या जागी पॉलिथिन आले, आणि केबलीच्या आत दडलेला पदार्थ थेट उन्हात आला. भारतात १९५९ साली रिश्रा इथे अल्कोहोलपासून पॉलिथिन बनू लागले. १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल कंपनीचा नाफ्था फोडणारा कारखाना सुरू झाला. शेतीतल्या प्लास्टिकसाठी केंद्राने राष्ट्रीय समिती नेमली ती १९८१ मध्ये. पुढे देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागात भाजीपाल्याच्या बियाण्यासाठी शेडनेट उभी राहिली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली ते जालना इथून जवळच, त्यामुळे बियाण्याचा धंदा या बाजूला सरकणे स्वाभाविक होते. या साऱ्या वाटचालीत कागदाची रुंदी, जाडी, रंग, किंमत यांची चर्चा झाली. आतल्या रसायनाची फारशी नाही.

ते रसायन टनामागे काही शे ग्रॅम ते एखाद-दोन किलो एवढेच लागते. पण निवडताना एकीकडे ओढावे तर दुसरीकडे उसवते. जुने आणि स्वस्त बीएचटी साखळी तुटणे चांगले थोपवते. मात्र त्याचा रेणुभार जेमतेम २२०, त्यामुळे पातळ पन्नीतून ते उडून जाते, आणि झिजताना त्याचे जे पदार्थ होतात ते पिवळे असतात. काळ्या अस्तरात हा पिवळेपणा कोणाला दिसणार? पारदर्शक कागदात तोच पहिला दोष ठरतो. म्हणून जड फिनॉल आले. त्यांतल्या एका नामांकित प्रकाराचा रेणुभार ११७८ आहे. ते टिकून राहते, पण एकट्याने रंग सांभाळत नाही, म्हणून जोडीला फॉस्फाईट. फॉस्फाईट साखळी तोडणाऱ्या पेरॉक्साईडना विझवते आणि स्वतः रंगहीन फॉस्फेट होते. त्याचे वैर पाण्याशी: कमी प्रतीचे फॉस्फाईट दमट हवेत फुटते, आणि नॉनिलफिनॉलपासून बनलेल्या जुन्या प्रकारातून नॉनिलफिनॉल सुटे होते, जे संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते. अन्नाला लागणाऱ्या पिशवीत काय घालता येईल याची यादी भारतीय मानक १०१४१ ने १९८२ सालीच दिली होती, त्यामुळे तिथे निवड आणखी आखडते. ई जीवनसत्त्व अगदी थोड्या मात्रेत काम करते आणि खाण्यालाही निर्धोक, पण कागदावर त्याचीही पिवळी झाक येते. कापसाच्या मुलखाला लागू पडणारा एक प्रकार तर विलक्षण आहे. बीएचटी असलेल्या पन्नीत पांढरे सुती कापड ठेवले, गोदामात डिझेलच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साईड मिसळले, की पन्नीतले बीएचटी कापडात उतरते आणि कापड पिवळे पडते. उन्हात धरले की तो डाग बहुधा उडून जातो. हा दोष आधी पकडण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात वेगळी चाचणी आहे.

आक्षेप येईल की शेतात कागद मरतो तो उन्हाने. मग अतिनील किरणांपासून वाचवणारे द्रव्य घाला म्हणजे झाले, अँटिऑक्सिडंटचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. १९७० च्या दशकात हिंडर्ड अमाइन वर्गाची द्रव्ये आली आणि पारदर्शक हरितगृहाचा कागद खऱ्या अर्थाने टिकू लागला. त्याआधी वापरात असलेली निकेलची संयुगे कागदाला हिरवट-पिवळी छटा देत. पण ऊन लागण्याआधी कागद यंत्रात वितळतो, आणि त्या उष्णतेत त्याचे पहिले ऑक्सिडीकरण होते. तिथे साखळीवर कार्बोनिलचे जे गट बसतात तेच पुढे ऊन शोषून घेतात. यंत्रातल्या काही मिनिटांत अँटिऑक्सिडंट कमी पडले, तर शेतात पोहोचण्याआधीच कागद म्हातारा झालेला असतो. भंगारातून पुन्हा वितळवलेल्या दाण्याचे नेमके हेच होते. मायक्रॉन मात्र पुरेपूर भरतात. उलट, अमाइनलाही शत्रू आहे. भुरीवर मारलेल्या गंधकाची आम्ले त्याला निकामी करतात. द्रव्य निवडताना पीक आणि फवारणी कोणती, हे विचारावे लागते ते यासाठी.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: मायक्रॉन मोजता येतात, रसायन कोण मोजणार? तेही मोजता येते. कागदाचा कण २०० अंशांवर प्राणवायूत धरायचा आणि त्याचे ऑक्सिडीकरण सुरू होईपर्यंतची मिनिटे मोजायची. एचडीपीईच्या अस्तरासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मानकात ही मिनिटे किमान १०० हवीत असे म्हटले आहे, आणि ते मानक १९९७ पासूनचे आहे. पाण्याखालच्या काळ्या अस्तराला ही कसोटी लागते, तर उन्हाखालच्या पारदर्शक कागदाला नको, हे पटत नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर: टिकाऊ प्लास्टिक हाच तर प्रश्न आहे, त्याला आणखी आयुष्य कशाला द्यायचे? बाजाराने याचे उत्तरही एकदा देऊन पाहिले. ऑक्सिडीकरण वाढवणारी धातूंची संयुगे मिसळून ‘आपोआप विरघळणारी’ पन्नी विकली गेली. ती विरघळत नाही, तिचा चुरा होतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा मालावर बंदी आणली. शेतात हा फरक रोज दिसणारा आहे. हंगाम संपल्यावर अखंड उरलेला मल्चिंग पेपर गुंडाळून बांधावर आणता येतो आणि भंगारात देता येतो. आतून कुजलेला २५ मायक्रॉनचा कागद ओढताच फाटतो, त्याच्या चिंध्या मातीत राहतात आणि पुढच्या पाळीला वखराच्या पासेत अडकून वर येतात.