आयलॅश एक्स्टेंशन करताय? आधी या चुका माहीत करून घ्या

लग्नसराई आली की तालुक्याच्या पार्लरमध्ये मेकअप आणि मेंदीसोबत आता आयलॅश एक्स्टेंशनचीही विचारणा होते. फोटोत डोळे उठून दिसतात, हे खरं. पण काम घाईत उरकलं तर ऐन हळदीत नवरीचे डोळे सुजतात आणि पापणीचे स्वतःचे केसही तुटतात.

हे नेमकं काय असतं?
पट्टीची नकली पापणी सकाळी लावून रात्री काढता येते. एक्स्टेंशनमध्ये मात्र पापणीच्या एकेका केसावर कृत्रिम केस चिकटवतात. त्याचा गोंद फेव्हिक्विकच्याच जातीचा असतो, पण तो या कामासाठी वेगळा बनवलेला असतो. त्याच्या जागी घरातला किंवा नखं चिकटवायचा गोंद कधीच वापरू नये. दोन्ही डोळ्यांना दीड-दोन तास सहज लागतात. कोणी 'अर्ध्या तासात करून देते' म्हणालं, तर केस एकेक लावणार की झुपके, हे आधी विचारा.

लावताना होणाऱ्या चुका

१. पॅच टेस्ट न करणे: किमान २४ ते ४८ तास आधी दोन-चार केस लावून बघावेत. खाज, लाली किंवा सूज आली तर बेत रद्द करा. मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून टेस्ट टाळू नका, ॲलर्जी नंतरही होऊ शकते.

२. पापणी स्वच्छ न करणे: काजळ, आयलायनर किंवा तेल राहिलं की गोंद धरत नाही.

३. खालची पापणी न झाकणे: खाली जेल पॅड लावला नाही तर वरचे-खालचे केस एकमेकांना चिकटतात. लेन्स वापरत असाल तर आधी काढा. काम संपेपर्यंत डोळे मिटलेलेच ठेवा. आग झाली तर गप्प बसू नका, लगेच सांगा.

४. दोन-तीन केस एकत्र चिकटणे: प्रत्येक केस वेगळ्या वेगाने वाढतो. एकत्र चिकटले की एक दुसऱ्याला ओढतो आणि केस मुळापासून निघतो. शेवटी पापणीवरून छोटा ब्रश न अडकता फिरतोय का, ते बघून घ्या.

५. गोंद कातडीला लावणे: कृत्रिम केस कातडीपासून अर्धा ते एक मिलिमीटर सोडूनच बसवावा.

६. फार लांब, जाड केस निवडणे: नाजूक पापणीला ते वजन पेलत नाही.

लावल्यानंतर
पहिले २४ तास पाणी आणि चुलीची वाफ टाळा. त्यानंतर मात्र पापणी रोज हलक्या हाताने धुवा, मळ साचला तर सूज येते. तेलाने गोंद सुटतो. म्हणून हळद लावताना डोळ्यांजवळ तेल-हळद नको, हे काकू-मावश्यांना आधीच सांगून ठेवा. पॅच टेस्ट लग्नाच्या आठवडाभर आधी आणि काम दोन-तीन दिवस आधी करून घेतलेलं बरं. कृत्रिम केस ओढून काढू नका. ते पापणीच्या केसासोबत आपोआप गळतात. सगळे काढायचेच असतील तर पार्लरमध्येच काढून घ्या.

त्रास झाला तर
गोंद डोळ्यात गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं डोळा धुवा. पापण्या चिकटल्या असतील तर जबरदस्तीने उघडू नका. डोळा दुखत असेल, धूसर दिसत असेल किंवा सूज उतरत नसेल, तर मेडिकलमधून मनाने ड्रॉप न घेता नेत्रतज्ज्ञाकडे जा. जवळ सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा नेत्र विभाग गाठा.

एकाच दिवसाचा कार्यक्रम असेल आणि पॅच टेस्टला वेळ उरला नसेल, तर एक्स्टेंशनचा हट्ट सोडलेलाच बरा. फोटो काजळातही छान येतात.