सीआरपी नॉर्मल, मग थायरॉइडला सूज कशी?

एकाच रिपोर्टमध्ये सीआरपी नॉर्मल आणि टीएसएच, अँटी-टीपीओ दोन्ही वाढलेले. मग थायरॉइडला सूज आहे की नाही? मला याचं उत्तर या चाचण्यांच्या इतिहासात सापडलं.

१९१२ साली जपानमधल्या फुकुओकाच्या हाकारू हाशिमोतो या तरुण सर्जनने चार स्त्रियांच्या, ऑपरेशनमध्ये काढलेल्या थायरॉइड ग्रंथींचं वर्णन छापलं. ग्रंथींत लिम्फोसाइट पेशींनी ठाण मांडलं होतं. का, ते कळत नव्हतं.

सीआरपीचा जन्म वेगळ्याच आजारातला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ घटकाशी त्या रक्तातलं काहीतरी जुळून साका तयार व्हायचा. रुग्ण बरा झाला की ते नाहीसं व्हायचं. म्हणजे सीआरपी ही अंगभर पेटलेल्या आगीची वर्दी. ती देतं यकृत, आणि आग कुठे लागली हे ते सांगत नाही.

हाशिमोतोंचं कोडं १९५६ मध्ये लंडनला सुटलं. रॉइट, डोनियाक आणि कॅम्पबेल यांना अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉइडच्याच प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलं होतं. आजची अँटी-टीपीओ चाचणी याच वाटेवरची.

हे एका ग्रंथीतलं धुमसणं बरेचदा यकृतापर्यंत पोचतच नाही. म्हणून नॉर्मल सीआरपीमुळे हाशिमोतो खोटा ठरत नाही. आणि गोळी लागेल का, हे डॉक्टर मुख्यतः टीएसएच आणि फ्री टी४ पाहून ठरवतात.